नऊ वर्षं उभी असलेली पद्मिनी धूर मारतेय, इंजिन खोलायचं का?

कोकणी_गंज (धागाकर्ता)
गाडी प्रीमियर पद्मिनी, १९८९, पेट्रोल, १०८९ सीसी. रत्नागिरीजवळ पत्र्याच्या शेडमध्ये नऊ वर्षं उभी. टाकी काढून धुतली, बॅटरी नवी, पॉइंट घासले, प्लग नवे, कार्बोरेटर खोलून साफ केला. तिसऱ्या प्रयत्नात सुरू झाली, पण धूर असा की शेजाऱ्यांनी खिडक्या लावून घेतल्या. आधी पांढरा, पाच-सात मिनिटांनी निळसर. इंजिन तापलं तरी थांबत नाही, रेस दिली की वाढतो. आतापर्यंत तीनदा सुरू केली, दर वेळी दहाएक मिनिटं.

रेडिएटरचं पाणी कमी होत नाही. ऑइल जुनंच आहे, पण डिपस्टिकवर वरच्या खुणेच्याही वर दिसतंय, म्हणजे ऑइल जळत नसावं. मेकॅनिक म्हणतो पिस्टनच्या रिंगा गेल्या, बोअरिंगसकट (सिलिंडर आतून कातून) हाफ इंजिन, म्हणजे इंजिनाची अर्धी बांधणी नव्याने, करावं लागेल. खोलण्याआधी घरच्या घरी काय तपासता येईल?

उगाच_एक
डासांचा बंदोबस्त झाला की. ग्रामपंचायतीला भाड्याने द्या.

तेलकट
पहिल्या दहा मिनिटांचा धूर साक्षीला उभा करू नका. नऊ वर्षांत सायलेन्सरमध्ये पाणी, गंजाचा भुगा आणि जुन्या ऑइलचा थर साचलेला असतो. इंजिनालगतचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड लवकर तापतो, मागचा सायलेन्सर डबा नाही. जागेवर उभी करून दहा मिनिटं चालवली की पुढचा पाइप गरम आणि मागचा डबा कोमट, म्हणजे आतला चिकटा उकडतो पण जळत नाही. हा धूर इंजिनचा नाहीच. गाडी रस्त्यावर वीस-तीस मिनिटं लोडवर चालली की तो संपतो.

सगळे रंग पाठ करून बसतात (पांढरा पाणी, निळा ऑइल, काळा पेट्रोल), पण रंग उन्हात वेगळा दिसतो, सावलीत वेगळा. खरं सांगते ती वेळ. धूर कधी येतो ते लिहून काढा.

रात्रभर उभी राहून सकाळी सुरू केल्यावर एक निळा भपका आणि मग साफ: ऑइल वॉल्व गाईडमधून (वॉल्वची दांडी सरकते ती नळी) खाली उतरलंय.
घाटात गिअरवर उतरताना ॲक्सिलरेटर सोडलेला, खाली येऊन पुन्हा दाबला की निळा ढग: तेही गाईडच. थ्रॉटल बंद असताना इनटेक मॅनिफोल्डमध्ये (हवा-पेट्रोल आत नेणारा पाइप) व्हॅक्यूम जास्त, तो ऑइल ओढतो.
चढावर, लोडवर सतत निळा: रिंगा किंवा बोअर (सिलिंडरची आतली भिंत).
चोक बंद केल्यावरही काळा, प्लगवर काजळी: कार्बोरेटरचा निडल (पेट्रोल अडवणारी सुई) आणि फ्लोट, एअर फिल्टर.
तापल्यावरही जाड पांढरा, गोडसर वास, पाणी कमी होतंय: हेड गॅस्केट.

सायलेन्सरच्या तोंडापासून वीतभर लांब पांढरा कागद धरा. पाणी असेल तर ओला होऊन वाळतो, डाग राहत नाही. ऑइलचे पिवळट तेलकट ठिपके राहतात. काजळी बोटाने पुसली जाते. आणि शेडमध्ये दार लावून इंजिन चालवू नका, कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास.

दहाचा_पाना
तेलकट यांचं सगळं खरं, पण कोकणातली नऊ वर्षं म्हणजे देशावरची पंधरा. इंजिन थांबतं तेव्हा काही सिलिंडरचे वॉल्व उघडे राहतात. खारी दमट हवा तिथून शिरते आणि पिस्टन थांबलाय त्याच्या वर बोअरला गंजाची रेघ पडते. सुरू केल्यावर रिंग त्या रेघेवरून घासत जाते. मेकॅनिक उगाच बोलत नाही. माझं मत: हेड उतरवा, बोअर बघा, संपला विषय. महिनाभर बाटल्या ओतत बसण्यात अर्थ नाही.

फिलर_गेज
हेड उतरवून "बघणं" इतकं सोपं नाही हो. ब्लॉक बिडाचा, हेड ॲल्युमिनियमचं. स्टडवर गंज चढून हेड धरून बसलेलं असतं. पाचर मारून उचकटलं तर पृष्ठभागाला खाच पडते, मग फेसिंग आलं, नवं गॅस्केट आलं. बोअर बघायचाच असेल तर फोनला जोडायचा एंडोस्कोप कॅमेरा मिळतो, तो प्लगच्या भोकातून आत जातो. पिस्टन खाली असताना भिंत बघा. तपकिरी डाग असला तर चालतो, नखाला लागेल असा खड्डा दिसला तर बोअरिंग.

पण त्याआधी कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) गेजने घ्या. इंजिन गरम, चारही प्लग बाहेर, कॉइलची मधली वायर काढलेली, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, बॅटरी चार्ज. प्रत्येक सिलिंडरला पाच-सहा फेरे. या जातीच्या कमी कॉम्प्रेशनच्या इंजिनात ११० ते १४० पीएसआय असेल तर ठीक. आकड्यापेक्षा चौघांतला फरक बघा, १५ टक्क्यांच्या आत हवा. एखादा कमी निघाला तर त्यात चमचाभर (५ मिली) ऑइल टाकून पुन्हा घ्या. आकडा चढला तर रिंगा, तसाच राहिला तर वॉल्व किंवा गॅस्केट. शेजारचे दोन एकत्र कमी असतील तर दोघांच्या मधलं गॅस्केट फुटलंय.

टॅपेटराव
थांबा मंडळी. कॉम्प्रेशन वगैरे नंतर. धागाकर्त्यांनी एक ओळ सहज लिहिलीय आणि सगळे तिच्यावरून उडी मारून गेलात. *"डिपस्टिकवर वरच्या खुणेच्याही वर."*

ऑइल आपोआप वाढत नसतं. गाडी उभी करताना कोणी जास्त भरलं नसेल तर त्यात एकतर पाणी आहे नाहीतर पेट्रोल. पाणी कमी होत नाही म्हणता, म्हणजे पेट्रोलचा संशय जास्त.

पद्मिनीचा पेट्रोल पंप मेकॅनिकल, इंजिनच्या कडेला बसवलेला, कॅमशाफ्टवर चालतो. आत कापडी रबराचा डायफ्राम. नऊ वर्षं कोरडा पडला की तो कडक होतो आणि घडीवर चिरतो. मग पंपाचा प्रत्येक झटका थोडं पेट्रोल कार्बोरेटरला आणि थोडं चेंबरमध्ये (इंजिनाखालचं ऑइलचं भांडं) सोडतो. ऑइल पातळ होतं, पातळी वाढते, क्रँक त्यात घुसळतो, रिंगांना खरवडता येणार नाही इतकं ऑइल भिंतींवर उडतं. झाला निळा धूर. रिंगा बिचाऱ्या निर्दोष असतील.

आज रात्रीच करा:
डिपस्टिक काढून वास घ्या.
एक थेंब वर्तमानपत्रावर टाका, शेजारी नव्या ऑइलचा एक थेंब. पेट्रोल मिसळलेला थेंब भराभर पसरतो आणि कडेला रुंद फिकट वर्तुळ सोडतो.
वास येत नसेल तरच दुसरा थेंब गरम तव्यावर (जुना तवा घ्या, घरात भांडण नको). मोहरीसारखा तडतडला तर पाणी. पेट्रोलचा वास आला असेल तर तव्याच्या आणि गॅसच्या जवळपासही जाऊ नका.

आणि तोवर गाडी सुरू करू नका. पेट्रोल मिसळलेल्या ऑइलवर मेन आणि बिग एंड बेअरिंगं खरडली जातात. तेव्हा मात्र खरंच हाफ इंजिन निघेल.

घाटमाथा
टॅपेटरावांना +१००. वाखु (वाचनखूण) साठवली.

दहाचा_पाना
पातळीकडे माझंही दुर्लक्ष झालं, मान्य. तरी बोअरला गंज नाही हे अजून सिद्ध व्हायचंय.

कोकणी_गंज
वास अगदी पेट्रोल पंपावर उभं राहिल्यासारखा. कागदावर नव्या ऑइलचा थेंब अठन्नीएवढा, जुन्याचा बशीएवढा. तव्यापर्यंत गेलोच नाही. आता पंप की कार्बोरेटर हे कसं ओळखायचं? कार्बोरेटरचा निडल गळत असला तरी पेट्रोल खाली जाईल ना?

टॅपेटराव
बरोबर प्रश्न. निडल गळला तर पेट्रोल इनटेक मॅनिफोल्डमधून सिलिंडरमध्ये आणि रिंगांच्या कडेने खाली जातं. पण जाताना निशाणी सोडतं: प्लग काळे ओले, धूर काळपट, गरम इंजिन पटकन सुरू होत नाही. तुमचा धूर निळा आहे, म्हणून पंप आधी.

खात्री अशी करा. जुनं ऑइल गरम न करता काढा, रात्रभर निथळू द्या. फिल्टर असेल तर बदला. नवं साधं मिनरल २०डब्ल्यू-४० बरोबर खुणेपर्यंत. पंपाचे दोन्ही पाइप काढून पंपाच्या दोन्ही तोंडांना बूच मारा. कार्बोरेटरला थेट वरून बाटली: एक लिटरची धातूची किंवा जाड प्लास्टिकची, तळाला कॉक, बॉनेटला घट्ट बांधलेली, गरम एक्झॉस्ट मॅनिफोल्डपासून लांब. कार्बोरेटरपेक्षा हातभर उंच पुरे. आग विझवायचा सिलिंडर बाजूला, माणूस एक जास्तीचा.

अशी वीस मिनिटं चालवा, थंड होऊ द्या, डिपस्टिक बघा. पातळी जागच्या जागी राहिली तर पंपच. वाढली तर निडल आणि फ्लोट. फ्लोट कानाजवळ हलवून बघा, आत पेट्रोल खळखळत असेल तर तो फुटका.

फिलर_गेज
आणि कॉम्प्रेशन आत्ता घेतलं असेल तर तो आकडा फेकून द्या. पेट्रोलने भिंती धुतल्या गेल्यात, रिंगेला सील करायला ऑइलच नाही. नव्या ऑइलवर ५० किमी झाल्यावर घ्या.

पेट्रोलवाला_भाऊ
डायफ्राम बदलताना साधा जुन्या साठ्यातला घेऊ नका. आता पंपावर ई२० मिळतं. वीस टक्के इथेनॉल जुन्या नायट्राइल रबराला फुगवतं, मऊ करतं. डायफ्राम, होसपाइप, निडलचं टोक, सगळं इथेनॉलला टिकणाऱ्या रबराचं बघा, होसला दुकानात व्हायटॉन म्हणून मागा. इथेनॉल पाणी ओढतं. टाकीत ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त पाणी झालं की इथेनॉल आणि पाणी मिळून तळाला वेगळा थर होतो, आणि टाकीचा पाइप नेमका तळातूनच ओढतो. कोकणात पावसाळ्यात उभी ठेवायची असेल तर टाकी एकतर काठोकाठ भरलेली नाहीतर पूर्ण रिकामी.

शिवाय ई२० वर मिक्श्चर सात-आठ टक्के पातळ पडतं. गाडी झटके देत असेल तर मेन जेट (कार्बोरेटरमधलं पेट्रोलचं मोजकं भोक) एक नंबर वरचा. पण धूर थांबल्याशिवाय जेटला हात लावू नका, दोन गोष्टी एकदम बदलल्या की काय लागू पडलं ते कळत नाही.

घाटमाथा
अवांतर: शिसं असलेलं पेट्रोल देशभर बंद झालं २००० च्या फेब्रुवारीत. ही इंजिनं त्याच्या आधीची, शिशामुळे वॉल्वची सीट टिकायची. ॲल्युमिनियम हेडमध्ये वॉल्व सीट वेगळी ठोकलेली असते, तरी एक्झॉस्ट वॉल्वचा टॅपेट गॅप (वॉल्वच्या टोकाशी ठेवलेली फट) दर काही हजार किलोमीटरला बघावा. गॅप कमी होत गेला तर सीट झिजतेय.

पिवळी_पट्टी
माझ्याकडे पद्मिनीचीच १३७ डी आहे, डिझेल. सकाळी पांढरा धूर. तीच परीक्षा लावू का?

तेलकट
नाही. डिझेलचा पांढरा म्हणजे बहुतेक वेळा न जळलेलं डिझेल, डोळ्यांना झोंबतं. ग्लो प्लग एकेक काढून बॅटरीवर तपासा, मग इंजेक्टर, मग पंपाचं टायमिंग. बाकी प्रश्नांना वेगळा धागा काढा, इथे सगळे पेट्रोल हुंगत बसलेत.

उगाच_एक
हुंगून हुंगूनच हा धागा इतका लांबला असावा.

निवृत्त_ब्रेक
पांढऱ्या धुराचं एक कारण राहिलं. ब्रेकला व्हॅक्यूम बूस्टर (ब्रेक हलका करणारा डबा) आहे का बघा. बऱ्याच पद्मिनींत नसतो, पण मागाहून बसवलेले असतात. मास्टर सिलिंडरचा मागचा वॉशर गेला की ब्रेक ऑइल बूस्टरमध्ये उतरतं आणि इनटेक मॅनिफोल्ड ते ओढतो. धूर जाड पांढरा, वास तिखट, पाणी अजिबात कमी होत नाही, बाहेर गळतीही नाही. लोक हेड गॅस्केट बदलून मोकळे होतात आणि धूर तसाच. बूस्टरची नळी काढून मॅनिफोल्डचं तोंड बंद करा, जागेवर चालवा. धूर गेला तर सापडलं. नळी काढून रस्त्यावर मात्र जाऊ नका.

कुंभारीण
एअर क्लीनरचा डबा आणि ब्रीदर पाइप (चेंबरमधली हवा बाहेर सोडणारी नळी) उघडलात का? शेडमधल्या गाडीत मातीची घरटी करणाऱ्या माश्या ब्रीदर गच्च बुजवतात, उंदीर एअर क्लीनरमध्ये कापूस भरतात. ब्रीदर बुजला की चेंबरमधला दाब ऑइलला वर ढकलतो: गाईडमधून, गॅस्केटमधून, वाट मिळेल तिथून. डिपस्टिक उडून बाहेर येत असेल किंवा ऑइलचं झाकण काढल्यावर फुस्स होत असेल तर आधी हे. पाइप काढून तोंडाने फुंकायचा, दुसरीकडून हवा आली पाहिजे. फुकटातली दुरुस्ती.

दहाचा_पाना
फुंकण्याआधी आत कोण आहे ते बघा म्हणजे झालं.

रविवार_मेकॅनिक
व्हॅक्यूम गेज (इनटेक मॅनिफोल्डमधली ओढ मोजणारं मीटर) असेल तर तेही लावा. समुद्रसपाटीला आयडलवर काटा १७ ते २१ इंचांवर स्थिर हवा. रत्नागिरीत हेच आकडे, पुण्यात बघाल तर उंचीमुळे दोनेक इंच कमी, त्याला घाबरू नका. काटा नियमित थरथरत असेल तर गाईड किंवा वॉल्व. रेस देऊन सोडल्यावर काटा २१ च्या बराच वर जाऊन परतला तर रिंगा बऱ्या आहेत, जेमतेम पोचला तर दमलेल्या.

कोकणी_गंज
अहवाल. ब्रीदर खरंच बुजलेला होता, सुपारीएवढी माती निघाली. बूस्टर नाही. चेंबरमधून निघालेलं ऑइल पाण्यासारखं पातळ. बाटलीवर वीस मिनिटं चालवली, पातळी हलली नाही. पंप खोलला: डायफ्रामला कडेच्या घडीवर पाऊण इंच चीर. नवा पंप लावला. धूर निम्म्याहून कमी, पण आहे. नव्या ऑइलवर ५० किमी करून कॉम्प्रेशन:
१: १२२
२: ११८
३: ९२
४: १२०
तिसऱ्यात चमचाभर ऑइल टाकल्यावर ११५.

दहाचा_पाना
तिसऱ्याची रिंग. मी म्हणत होतो. 😀

फिलर_गेज
रिंग, हो. पण मोडलेली की चिकटलेली? मोडलेली रिंग ओल्या (ऑइल टाकून केलेल्या) चाचणीत इतकी सावरत नाही. एवढ्या वर्षांनी खाचेत ऑइलचा डिंक होऊन रिंग अडकणं जास्त संभवतं. आधी भिजवा.

सगळे प्लग काढा, पिस्टन साधारण मध्यावर आणा. एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल) आणि ॲसिटोन समप्रमाणात, तिसऱ्यात २० मिली, बाकीच्यांत दहा-दहा. ॲसिटोन रंग खातं, फेंडरवर जाड चादर टाका. आगीचंही भान ठेवा. प्लग हाताने सैल लावा, तीन दिवस ठेवा, रोज पुलीच्या नटावर पाना लावून पाव फेरा. तिसऱ्या दिवशी प्लग काढून, भोकांवर फडकं धरून स्टार्टर मारा. हे केल्याशिवाय प्लग लावून सेल्फ मारू नका. द्रव दाबला जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. उरलेलं खाली चेंबरमध्ये उतरतं, म्हणून ऑइल पुन्हा बदला. मग पंधरा मिनिटं भयंकर धूर येईल, तो मोजायचा नाही. नंतर तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये जोर देत, सोडत ३०० किमी.

पियुसी_पीडित
मध्येच एक. जुन्या, भारत स्टेजच्या आधीच्या पेट्रोल चारचाकीला पियुसीत आयडलवर कार्बन मोनॉक्साइड ३ टक्के आणि हायड्रोकार्बन १५०० पीपीएमपर्यंत चालतं. ऑइल जळणाऱ्या गाडीचा मोनॉक्साइड पास होतो आणि हायड्रोकार्बनवर अडकते. गरम करून न्या, चोक पूर्ण आत.

कोकणी_गंज
भिजवणं, ऑइल बदलणं, ३१० किमी, सगळं झालं. तिसरा आता १०९, बाकीचे १२० च्या आसपास. चढावर धूर नाही. सकाळी सुरू करताना पाचेक सेकंद निळा भपका, आणि निवळीचा घाट उतरून ॲक्सिलरेटर दिला की थोडासा. ३१० किमीत ऑइल १०० मिली टाकावं लागलं.

तेलकट
उरलं ते गाईडचं. १०० मिलीला ३१० किमी म्हणजे लिटरला तीन हजार किमी, या वयाच्या इंजिनाला हे उत्तम. यासाठी हेड उतरवू नका. कधी दुसऱ्या कारणाने उतरलं तर गाईड करून घ्या.

दहाचा_पाना
तीन हजाराला लिटर असेल तर मीही खोलणार नाही.

कोकणी_गंज
एक शंका. जुन्या पंपाखाली जाड इन्सुलेटर आणि दोन पॅकिंग होती. नव्या पंपाला मी एकच लावलं. चालेल ना? प्लग किंचित काळे दिसतायत.

टॅपेटराव
नाही चालणार. पॅकिंगच्या जाडीवर पंपाला कॅमचा धक्का किती बसतो ते ठरतं. एक पॅकिंग कमी म्हणजे स्ट्रोक जास्त, पेट्रोल निडलवर जोराने येतं, निडल पूर्ण बंद होत नाही, म्हणून प्लग काळे. पुन्हा दोन लावा. तरीही काळे राहिले तर पंप आणि कार्बोरेटरच्या मध्ये टी लावून दाब मोजा, दोन-तीन पीएसआयच्या वर नको. आणि पॅकिंगला लाल सिलिकॉन लावू नका, त्याचे तुकडे सुटून आत जातात.